ओहोटी चार चाळीसची

विद्यावतीने केलेल्या तक्त्यात चूक नव्हती. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे, पोर्ट लुई राजधानी असलेल्या बेटावरच्या सुरिनाम नावाच्या गावात, त्या तक्त्याची बरीच वर्षं थट्टा झाली आणि तिने ती निमूटपणे ऐकून घेतली.

ती जवळच्या माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. चौतिशीची, मोजकं बोलणारी, वडिलांबरोबर राहणारी. एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये रियुनियन बेटावरून सोलांज नावाची एक नाटकवाली बाई गावात आली आणि तिला इंग्रजी, फ्रेंच, क्रेओल आणि मराठी या चारही भाषा कळणारं माणूस हवं होतं, तेव्हा लोकांनी विद्यावतीकडे बोट दाखवलं. मराठी तिला बोलता येण्यापेक्षा समजायची जास्त. पण तेवढं कुणी विचारलं नाही.

सोलांजला रंगमंच नको होता. माणसं जिथे राहतात तिथेच नाटक व्हावं आणि बघणाऱ्यांनी चालत चालत ते बघावं, असं तिचं म्हणणं. विषय साधा होता: या बेटांवरची सगळीच माणसं कधी ना कधी पाण्यावरून आलेली आहेत. तिच्याबरोबर रियुनियनचे दोन तरुण होते, आणि रॉड्रिग्जहून चौघं आले होते. त्यांचा म्होरक्या रेमों, साठीचा, रावान वाजवणारा. रावान म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा मोठा डफ. तो वाजवण्याआधी दर वेळी विस्तवावर शेकावा लागतो.

नाटकाची वाट अशी ठरली. गणपतीच्या देवळापासून निघायचं. तीन घरांच्या अंगणांतून जायचं. प्रत्येक अंगणात पाहुण्या बेटांचं एक गाणं किंवा एक गोष्ट, आणि त्या घरची बाई आपलं रोजचं काम करत बसलेली. मग उसाच्या कडेने रियांबेलच्या किनाऱ्यावर. आणि शेवट किनाऱ्यावरही नाही. ओहोटीला खाजणात वाळूचा एक लांबट पट्टा उघडा पडतो, त्यावर.

"ती जमीन कुठल्याच बेटाची नाही," सोलांज म्हणाली होती. "दीड तास असते आणि जाते."

त्या पट्ट्यावर काय करायचं, हे मात्र विद्यावतीने सुचवलं होतं. तिचे वडील, गोवर्धन, एके काळी गावात जाखडीचा फेर धरायचे. इथले लोक तिला झाकरी म्हणतात. उजव्या पायात घुंगरांची चाळ बांधायची, गोल धरायचा, आधी गणपतीचा गण म्हणायचा आणि मग पाय चालवायचे. फेराला निदान आठ माणसं लागतात. गावात तीन उरली होती. गोवर्धन, देवराज आणि कृष्णदेव, तिघंही सत्तरीच्या पुढचे. पोरं बसने पोर्ट लुईला कामाला जायची आणि संध्याकाळी टीव्ही बघायची. अकरा वर्षांपूर्वी एका गणेशचतुर्थीला आठवा माणूस आला नाही, तेव्हा गोवर्धनने चाळ सोडली, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली आणि डबा कपाटावर सरकवून दिला. त्याबद्दल तो पुन्हा बोलला नाही. विद्यावती दर शनिवारी कपाटावरची धूळ पुसायची, तेव्हा डबा उचलून परत तिथेच ठेवायची.

पाहुणे पाच आणि हे तीन, आठ झाले. रेमों मध्ये उभा राहून रावान वाजवणार. बेरीज जुळल्यावर तिने वडिलांना विचारलं होतं.

"रॉड्रिग्जचे लोक झाकरी नाचणार?" गोवर्धन म्हणाला. "त्यांना सेगा येतो. सेगात पाय जमिनीवरून सुटत नाय."

"शिकवा मग."

"आनि जमलं नाय तर?"

"जमेल. मी सगळं बघते."

खरं तर मोजून बोलणाऱ्या माणसाने असं वाक्य बोलू नये. पण ती बोलली, आणि दुसऱ्या दिवशी डबा खाली आला. अकरा वर्षांनी बाहेर पडलेली चाळ पुन्हा डब्यात जाणार नाही, याची हमी आता तिच्यावर होती. ती हमी तिच्याकडे कुणी मागितली नव्हती, म्हणून ती जास्तच जड होती.

तालमी तीन आठवडे चालल्या. पाहुण्यांच्या पायांसाठी गावातल्या जुन्या चाळी काढल्या होत्या. देवळामागच्या मोकळ्या जागेत गोवर्धन काठी घेऊन उभा राहायचा.

"पाय उचला!" तो क्रेओलमध्ये ओरडायचा. "जमीन पळून जानार हाय काय, दाबून धरलीय ती?"

रेमों डफाआडून म्हणायचा, "आणि तोंतों, तुमचे लोक ती एवढी बडवतात, तिने काय गुन्हा केलाय?"

तोंतों म्हणजे काका. रेमों वयाने फक्त बारा वर्षांनी लहान होता, त्यामुळे तो हा मान चिडवायलाच देतो अशी गोवर्धनची खात्री होती. दोघांचं रोज भांडण व्हायचं आणि रोज भांडण संपल्यावर दोघं एकाच बाकावर बसायचे.

विद्यावतीचं काम वेळेचं. रविवार, सप्टेंबरची वीस तारीख. ओहोटी चार वाजून चाळीस मिनिटांनी. वाळूचा पट्टा चारला उघडणार आणि साडेपाचला बुडणार. हे तिने बंदराच्या छापील तक्त्यावरून काढलं, आणि तेवढ्यावर न थांबता आठ दिवस स्वतः खाजणात काठी रोवून पाणी मोजलं. पुढचा रविवार मिळणार नव्हता. सोमवारी रॉड्रिग्जची बोट सुटत होती.

सव्वातीनला देऊळ. प्रत्येक अंगणात आठ मिनिटं. चार वाजून दहा मिनिटांनी किनारा. तिने शाळेचं स्टॉपवॉच आणून पाच वेळा पूर्ण तालीम मोजली. फरक कधी दोन मिनिटांच्या वर गेला नाही. शेवटी तिने तक्ता कार्बन ठेवून टाईप केला आणि सगळ्यांना वाटला.

"घड्याळानं समुद्र चालतो काय?" गोवर्धनने तक्ता लांब धरून विचारलं.

"समुद्र चालतो, बाबा. माणसांचं सांगता येत नाही."

हे ती थट्टेत म्हणाली होती.

पाच तालमींत एक गोष्ट नव्हती, आणि ती म्हणजे प्रेक्षक. अंगणात बसणाऱ्या बायका रिकाम्या हवेसमोर आपलं काम करत होत्या. प्रयोगातून मुख्य घटकच वगळला आणि निष्कर्ष काढला, असं एखाद्या मुलीने वहीत केलं असतं, तर विद्यावतीने लाल पेनाने खूण केली असती. त्यातून तिचा जन्म याच गावातला. तिला कळायला हवं होतं.

रविवारी साठ-पासष्ट माणसं जमली. शमें ग्रेनिएहून काही चालत आली, मंत्रालयातले एक साहेब पत्नीसह मोटारीने आले, आणि त्रियोलेहून एक अख्खी बस आली. ठीक सव्वातीनला रेमोंने डफावर थाप दिली. तीन बावीसला सगळे पहिल्या अंगणात शिरले.

पहिलं अंगण कुंतीकाकीचं. तिने सुपात तांदूळ घेऊन निवडत बसायचं होतं. सोलांजने तिला एकच गोष्ट बजावली होती: मान वर करायची नाही. लोक येतील, बघतील, जातील. तुम्ही त्यांना पाहिलंच नाही. कुंतीकाकी पाचही तालमींत उत्तम बसली होती.

रियुनियनचा तरुण गाऊ लागला. कुंतीकाकी मान खाली घालून तांदूळ निवडत होती. मग गर्दीतून कुणीतरी खोकलं. खोकला ओळखीचा होता. काकीने मान वर केली.

समोर त्रियोलेची विहीणबाई उभी होती. काकीची बसंती त्या घरात दिलेली. विहीणबाई रेशमी साडी नेसून, हातात पर्स धरून, उन्हात उभी.

सूप खाली आलं.

"आयो!" काकी उठलीच. "तुम्ही? नि उभ्या? रीता, खुर्ची आन आतून! चहा टाक!"

"काकी," विद्यावती गर्दीतून पुढे होऊन हळूच म्हणाली, "बसा. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही."

"पाह्यलं नाय कसं? अशा समोर हायत."

"नाटकात पाहिलेलं नाही."

"विद्या," काकीने तिला बाजूला घेतलं, "माझी पोर त्यांच्या घरात हाय. विहीणबाई दारात आल्या आनि मी तांदूळ निवडत बसले, हे त्या त्रियोलेत जाऊन सांगतील. नाटक होतं, हे सांगतील काय?"

विहीणबाई "नको हो, कशाला" असं तीन वेळा म्हणाल्या आणि चौथ्यांदा बसल्या. आता एका पाहुणीला चहा द्यायचा आणि बाकीच्या चौसष्ट जणांना वगळायचं, हे तर दिसायलाच वाईट. कुंतीकाकीच्या घरात कप होते चौदा. रीता, तिची सून, कुंपणावरून पुष्पावतीला हाक मारती झाली.

पुष्पावतीचं अंगण दुसरं होतं. तिने झेंडूची माळ ओवत बसायचं होतं. तिने कुंपणावरून सव्वीस कप दिले आणि कशासाठी ते विचारलं. कळल्यावर तिने माळ खुंटीला अडकवली आणि कढई चुलीवर ठेवली. कुंतीकडे चहा झाला आणि माझ्याकडे नुसती फुलं दाखवली, असं झालं तर गावात राहायचं कसं?

रियुनियनच्या तरुणाने गाणं दोनदा म्हटलं, मग त्याच्याही हातात कप आला. वॅनिलाचा चहा, भरपूर साखर. मंत्रालयातले साहेब बशी सांभाळत सोलांजला म्हणाले, की हे स्वागताचं दृश्य त्यांना फार खरं वाटलं. सोलांजने विद्यावतीकडे पाहिलं. विद्यावतीने स्टॉपवॉचकडे पाहिलं. एकोणतीस मिनिटं.

चार वाजून पाच मिनिटांनी लोक पहिल्या अंगणातून निघाले आणि चार वाजून सहा मिनिटांनी दुसऱ्यात अडकले. पुष्पावतीने गातोपिमा तळले होते, डाळीचे, मिरची घातलेले. ते गरम खायचे असतात, त्यामुळे घाणा निघेल तशी माणसं खात होती, आणि उरलेली माणसं पुढच्या घाण्यासाठी थांबली होती. रॉड्रिग्जच्या बाईने आपली गोष्ट सांगितली. लोकांनी खात खात ऐकली आणि मध्येमध्ये प्रश्न विचारले, तिनेही खात खात उत्तरं दिली. आठ मिनिटांची गोष्ट पाऊण तास चालली. हे खोटं नाही, विद्यावतीने मोजलं होतं.

तिला मात्र सारखे वडील दिसत होते. ते देवराज आणि कृष्णदेवबरोबर पावणेचारलाच किनाऱ्यावर जाऊन थांबले असणार. धुतलेलं धोतर, उजव्या पायात चाळ, हातात रिकामा डबा. समोर पट्टा उघडा पडलेला, आणि वाटेवर कुणी नाही. चार चाळीस होऊन गेले. आता पाणी वळलं असेल. बाबा त्याच्याकडे बघत असतील आणि काही बोलत नसतील. आठवा माणूस आला नव्हता तेव्हाही ते काही बोलले नव्हते.

तिने स्टॉपवॉच सोलांजच्या हातात दिलं आणि उसामधल्या पायवाटेने धावत सुटली. शाळेतल्या मुलींनी तिला धावताना कधी पाहिलं नव्हतं, आणि आज तीन मुलींनी पाहिलं.

किनाऱ्यावर देवराज आणि कृष्णदेव पायात चाळ बांधून खेकडे शोधत होते.

"बाबा कुठे आहेत?"

"गोवर्धन? गेला बघायला, लोक कुटं मेले म्हनून," देवराज म्हणाला. "अर्धा तास झाला. तुझा तक्ता काय म्हनतो गं, आम्ही कुटं असायला हवं आता?"

ती मागे वळली. या वेळी मोठ्या वाटेने. ती वाट तिसऱ्या अंगणावरून जाते.

तिसरं अंगण इंद्राणीचं. सगळी मंडळी आता तिथे पोचली होती. इंद्राणीने विहिरीवर कपडे धुवायचे होते. कपडे बादलीत तसेच भिजत होते. चुलीवर एका बाजूला रताळ्याचे गोड गातो तळले जात होते आणि त्याच विस्तवाच्या दुसऱ्या बाजूला रेमों आपला रावान शेकत होता. आणि त्याच्या शेजारी, पाटावर, मांडीवर ताटली घेऊन, पायात चाळ बांधलेला गोवर्धन बसला होता.

"बाबा!"

गोवर्धनने घास गिळला. "इंद्राणीनं हाक मारली."

"तुम्ही अर्धा तास इथे आहात?"

"वाटेवरून चाललो होतो. हाक मारली तर नाय म्हनू?" तो जरा ओशाळला होता, पण ताटली खाली ठेवली नव्हती. "तुला घ्यायचे काय? गोड हायत."

विद्यावतीने दम घेतला. पाच वाजून बावीस मिनिटं झाली होती. सोलांज तिच्याजवळ आली आणि म्हणाली, की पट्टा आता विसरू या; फेर इथेच, इंद्राणीच्या अंगणात धरू. जागा आहे, माणसं आहेत, देवराज-कृष्णदेवला बोलावून घेऊ. विद्यावतीला ते पटलं. तिने वडिलांना तसं सांगितलं.

गोवर्धनने ताटली खाली ठेवली.

"नाय," तो म्हणाला. "वाळूवर ठरलं होतं."

"वाळू बुडतेय, बाबा. आठ मिनिटांत बुडेल. माझं गणित..."

"तुझं गणित बरोबर असेल. अकरा वर्षं ती चाळ डब्यात होती. बाहेर काढली तेव्हा मी तिला सांगितलं, समुद्रावर जायचंय. आता तिला काय सांगू, गातो खायला आनली म्हनून?"

तो उठला. घुंगरं वाजली. अंगणातला गलका हळूहळू थांबला. रेमोंने रावान विस्तवावरून उचलला, कातड्यावर बोट आपटून पाहिलं आणि त्याच्यामागे निघाला. मग बाकीचे पाच पाहुणे. मग विहीणबाई, पर्स सांभाळत. त्यांच्यामागे चहाची किटली घेऊन कुंतीकाकी.

पट्टा बुडाला होता. त्यावर पोटरीभर पाणी होतं, नितळ, खालची वाळू दिसत होती. सूर्य उसाकडे उतरलेला. साठ माणसं किनाऱ्यावर उभी राहिली आणि नऊ माणसं पाण्यात शिरली.

गोवर्धनने गण म्हटला. आवाज चिरकला, मग लागला. देवराज आणि कृष्णदेवने ओळ उचलली. पाहुण्यांनी, ज्यांना एकही शब्द कळत नव्हता, तीन आठवड्यांत पाठ केलेली ओळ बरोबर म्हटली. रावान सुरू झाला. गोवर्धनने उजवा पाय आपटला.

काही वाजलं नाही.

आठ पाय पाण्यात आपटले, पाणी उडालं, आणि एकही घुंगरू वाजलं नाही. पाण्यात घुंगराच्या आतल्या गोळीला हलायला जोर मिळत नाही. विद्यावतीला हे कारण पाऊण सेकंदात सुचलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर कारण सुचल्याचं तिला वाईट वाटलं. तिने वडिलांचा चेहरा पाहिला. ते पायाकडे बघत होते. कपाटावर डबा सरकवताना तिने जो चेहरा पाहिला होता, तो येऊ लागला होता.

"तोंतों!" रेमों मधून ओरडला. "पाय उचला!"

किनाऱ्यावर कुणीतरी हसलं. गोवर्धनने चमकून वर पाहिलं. तीन आठवडे ऐकवलेलं वाक्य त्यालाच परत मिळालं होतं, आणि तेही सेगावाल्याकडून.

"मला शिकवतो?" तो म्हणाला, आणि त्याने पाय उचलला. रागानेच, गुडघ्यापर्यंत, पाण्याच्या पार वर. चाळीतून पाणी ओघळलं आणि घुंगरं खणखणली.

रेमोंने तेवढं ऐकलं. त्याने थाप मागेपुढे केली. झाकरीत पाय पडतो तेव्हा आवाज होतो. इथे पाय उचलला की आवाज होणार होता. त्याने डफाची थाप पाय वर असतानाच्या क्षणावर आणून ठेवली. रॉड्रिग्जच्या लोकांचे पाय, जे तीन आठवडे जमीन सोडत नव्हते, आता पाण्याने धरून ठेवलेले असूनही वर आले, कारण दुसरा इलाजच नव्हता. पहिली फेरी विस्कळीत. कृष्णदेव एकदा बसलाच पाण्यात, त्याला दोघांनी उचललं. दुसऱ्या फेरीत आठ चाळी एकदम वाजल्या, हवेत, आणि मग पाण्यात शांत झाल्या, आणि पुन्हा हवेत.

अशी झाकरी या बेटावर कुणी पाहिली नव्हती. पाणी गुडघ्याला लागेपर्यंत ते नाचले. किती वेळ, ते माहीत नाही. स्टॉपवॉच सोलांजकडे होतं, आणि सोलांजच्या दुसऱ्या हातात चहाचा कप होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर रेमोंला निरोप देऊन गोवर्धन आणि विद्यावती घरी परतले. चाळ रात्रभर गोड्या पाण्यात बुडवून ठेवली होती. पितळेला खार लागू द्यायचा नसतो. विद्यावतीने ती फडक्याने पुसली आणि कपडे वाळत घालायच्या तारेवर टांगली.

"वाळली की डब्यात ठेवू?" तिने विचारलं. जमेल तितक्या साध्या आवाजात.

"डब्यात कुटं जागा हाय?" गोवर्धन म्हणाला.

तिने डबा उघडून पाहिला. तो इंद्राणीच्या अंगणात राहिला होता, आणि घरात आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नसतं. रताळ्याचे गातो काठोकाठ भरले होते. वरचे दोन कमी होते.

"मग कुठे ठेवायची?"

"राहू दे तारेवर. रेमों म्हनतो, पुढच्या वर्षी आम्ही तिकडं जायचं. त्याच्या गावापुढंही असाच वाळूचा पट्टा हाय." त्याने एक गातो उचलला. "तिथली ओहोटी किती वाजता असते, ते तुझ्या पुस्तकात मिळेल काय?"

"मिळेल." ती डब्याचं झाकण लावत होती; थांबली. "पण आधी रेमोंला पत्र लिहून विचारा, वाटेत अंगणं किती आहेत."

गोवर्धनने खाता खाता विचार केला.

"त्याच्या बहिनी पाच हायत," तो म्हणाला. "सगळ्या त्याच वाटेवर."

विद्यावतीने टेबलाच्या खणातून कोरा कागद काढला आणि त्यावर रेघा आखायला घेतल्या.